सळईवरची खूण

बँडातले सगळे त्याला खांब म्हणत. उंच होता म्हणून नव्हे. उंचीनं तो बेताचाच, गर्दीत शोधायला गेलात तर सापडायचा नाही. पण हॉटेलच्या जेवणघरात, पियानोच्या उजव्या अंगाला, आपला उभा बास, म्हणजे जाड तारांचं, खर्जात वाजणारं माणसाएवढं वाद्य, धरून तो असा उभा राहायचा की वेटर लोक सवयीनं त्याला वळसा घालून ट्रे न्यायचे. आणि खांबाला कोण विचारतं हो? गाणारीला टाळ्या, पियानोला टाळ्या, ड्रमवाल्यानं काडी उडवून झेलली तर त्यालाही टाळ्या. बास थांबला तरच माणसं ताटावरून मान वर करतात, आणि तेही काय बिघडलं ते न कळून.

दिवसा हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात काम करायचा. काचा घासायच्या, फ्रेम गरम करून काड्या वाकवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवून बघायच्या, परत काढायच्या, परत वाकवायच्या. त्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी नवऱ्याचा नाहीतर भावाचा चष्मा घेऊन आलं आणि "डोकं दुखतं" म्हणालं, की तो शांतपणे सांगायचा, "दुसऱ्याचा चष्मा लावल्यावर दुसरं काय होणार? नाक तुमचं, डोळे तुमचे, माप तुमचं हवं." हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की बायको घरात त्याची नक्कल करायची.

तर असा हा माणूस थकला होता. वयानं थकतात तसा नव्हे, हातानं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सुरू झालेली कळ मनगटातून कोपरात आणि तिथून खांद्यात जाऊन बसली होती. सकाळी शर्टाचं वरचं बटण त्याला लावता यायचं नाही. बायको चहा ठेवून यायची, बटण लावायची, परत जायची. या गोष्टीवर दोघं बोलत नसत. पहिल्या वर्षी बोलले असतील, पण रोज मरे त्याला कोण रडे?

हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "इथली गादी झिजली ती झिजली. ती काही परत यायची नाही. उरलीय ती सांभाळा. वाजवणं बंद करता आलं तर उत्तम." बंद करता आलं तर. जिना उतरताना तो हेच पुटपुटत होता. चष्म्याचं दुकान पोटासाठी होतं. पण संध्याकाळी तो बास हातात नसेल तर आपण कोण, हे त्याला खरंच सांगता आलं नसतं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. पियानोवाली बाई, म्हणजे बँड तिचाच, एका संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "खांबसाहेब, राग मानू नका. मध्यंतरानंतर तुमचा हात मागे पडतो. लोकांना कळत नाही, मला कळतं. या महिन्यात बघू. नाहीच जमलं तर दुसऱ्या भागाला व्हॅनवालीला बसवू. तुमचीच शिष्या आहे, परकी थोडीच आहे."

व्हॅनवाली म्हणजे त्याची एकुलती एक विद्यार्थिनी. बेकरीची पावाची व्हॅन चालवायची, पहाटे पाव टाकायची, आणि दर रविवारी सकाळी त्याच्याकडे शिकायला यायची. हाताची चांगली, कानाची त्याहून चांगली. त्यानंच तिला तयार केलं, त्यानंच बाईपुढे तिची तारीफ केली होती. आता मात्र त्याच्या मनात आलं, कानामागून आली आणि तिखट झाली. लगेच त्याला स्वतःची लाजही वाटली. पण आधी दुसरा भाग जातो, मग पहिला जातो, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

आता हे दुखणं आलं कुठून, ते सांगायला हवं.

खांब तरुण असताना एका मास्तरांकडे शिकला. मास्तर ताडमाड उंच. त्यांनी नवं वाद्य घेतलं तेव्हा आपला जुना लाकडी बास याला दिला. बासच्या बुडाला एक लोखंडी सळई असते, आत-बाहेर सरकणारी, तिच्या टोकावर अख्खं वाद्य उभं राहतं. त्या सळईवर मास्तरांनी कानशीनं एक खूण केलेली होती. "ही खूण सोडायची नाही," मास्तर म्हणाले होते. "आज इथे, उद्या तिथे असं केलंस तर बोटांना जागा सापडणार नाही." आणि तारांबद्दल म्हणाले होते, "तारा ज्या पट्टीवर दाबतोस तिच्यापासून उंच ठेव. खाली आणल्यास की आवाज झोपतो." झालं. याच्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ. वाद्याचं टाळकं त्याच्या डोक्याच्या वर वीतभर जायचं, डावा हात सतत वर टांगलेला, तारा अशा उंच आणि ताठ की दाबताना अंगठा पांढरा पडायचा. नाकापेक्षा मोती जड. पण मास्तरांचं माप ते मास्तरांचं माप.

पुढे जिन्याच्या वळणावर तो लाकडी डोलारा चढवणं जमेना, तेव्हा त्यानं तो व्हॅनवालीला देऊन टाकला आणि स्वतःसाठी विजेवरचा बास घेतला. याला पोट नाही, पाठ नाही. नुसती मान, चार तारा, खाली तिवई आणि बाजूला स्पीकरची वायर. बायको लाकडी बासला पहिल्यापासून सवत म्हणायची. हे नवं घरात आलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "सवत गेली, सांगाडा ठेवून गेली."

बरं, नवं वाद्य घेतलं तर ते नव्यासारखं वाजवावं की नाही? नाही. यानं ते व्हॅनवालीच्या लाकडी बासशेजारी उभं केलं, मास्तरांची उंची मोजून तिवईच्या दांड्यावर तशीच खूण पाडून घेतली, आणि वाद्यांच्या मिस्त्रीकडून तारा जुन्याइतक्याच उंच करून घेतल्या. मिस्त्री तेव्हाही म्हणाला होता, "अहो, हे विजेवर चालतं. याला एवढं चढवायची गरज नाही." खांब म्हणाला, "मी सांगतो तेवढं कर." मिस्त्रीनं केलं. गिऱ्हाइकाशी कोण डोकं लावतो.

आणि हेच माप त्यानं व्हॅनवालीलाही शिकवलं. ती दर रविवारी यायची, तेव्हा खाली गल्लीत व्हॅन लावून आधी बराच वेळ आतच सूर लावत बसायची. वर खिडकीत त्याला ऐकू यायचं. तो बायकोला सांगायचा, "बघ, याला शिस्त म्हणतात. वर येऊन माझा वेळ खात नाही." बायको भाजी निवडत "हं" म्हणायची.

पियानोवालीनं बजावल्यानंतरच्या सकाळी बायकोनं त्याचं बटण लावलं, पण नेहमीसारखी परत गेली नाही.

"एक विचारू? तो बास कोणाच्या मापाचा आहे?"

"मास्तरांच्या."

"आणि मास्तर केवढे?"

तो कॉलर सारखी करू लागला.

"नाक तुमचं, डोळे तुमचे," ती म्हणाली, आणि चहा गाळायला गेली.

दुकानात दिवसभर त्याचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी हॉटेलात वाजवायला जायच्या आधी तो मिस्त्रीकडे डोकावला. मिस्त्री म्हणाला, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय. आणा, करून देतो." पण खांबाचा पाय तिथेच अडला. मास्तरांना न विचारता खूण कशी सोडायची? तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा, अंगठा जातोय आणि हा परवानगी मागायला निघालाय. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. पुढच्या दिवशी दुकान लवकर सोडून तो बास पिशवीत घालून मास्तरांकडे गेला.

मास्तर आता मुलाच्या घरी मागच्या खोलीत असायचे. नव्वदीला टेकलेले, पाय पलंगाबाहेर येतील इतके अजून लांब, पण आवाज बारीक झालेला. सुनेनं खुर्ची दिली, चहा दिला आणि "जरा मोठ्यानं बोला" म्हणून गेली. खांबानं बास जोडून समोर उभा केला.

"ही काठी कसली?" मास्तर म्हणाले.

"विजेवरचा बास, मास्तर."

मास्तरांनी हात लांब करून जाडी तार अंगठ्यानं दाबली. ती दबेना. त्यांनी याच्याकडे पाहिलं. "एवढी उंच? कोणी करून दिली?"

"तुम्हीच सांगितलं होतं. खाली आणल्या की आवाज झोपतो म्हणून."

"अरे, तेव्हा माइक कुठे होता?" मास्तर म्हणाले. "पुढे तीन-तीन ट्रम्पेट. तारा चढवल्या नसत्या तर मला शेजारच्यानंसुद्धा ऐकलं नसतं. याला वायर आहे ना? मग कशाला ही मारामारी?" मग त्यांची नजर खाली दांड्यावरच्या खुणेवर गेली. "आणि हे काय? ही माझी उंची. तू माझ्या खांद्यालाही लागत नाहीस."

"खूण सोडायची नाही म्हणाला होता."

"म्हणजे रोज बदलायची नाही. ती माझी होती. तू तुझी करायची होतीस रे."

खांबाच्या चहावर साय धरली. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "मी स्वतः पन्नाशीत तारा खाली आणल्या. खांदा गेला होता."

"मला बोलला नाहीत."

"तू दुसऱ्या बँडात वाजवायला लागला होतास. आणि शिष्याला काय सांगायचं, मास्तर थकला म्हणून?" त्यांनी याचा डावा हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ चाचपलं आणि सोडून दिला. "मला वाटलं, तूही कधीतरी आणल्या असशील. सगळेच आणतात."

परत येताना पिशवी त्याला नेहमीपेक्षा जड लागली. मास्तरांवर रागवावं तर नव्वदीच्या माणसावर काय रागवायचं, आणि स्वतःवर रागवायचंही त्याला त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेऊन तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं आधी काही खोललं नाही. बास उभा केला आणि म्हणाला, "वाजवायला उभे राहा. राहिलात? आता डावा हात काढा." यानं हात काढला, आणि बास कलंडला. मिस्त्रीनं तो अर्ध्यात धरला. "बघा. लाकडी वाद्याला पोट असतं, ते आपल्या पोटाला टेकतं. याला काही टेकायलाच नाही. तुमचा डावा हात तारा दाबतोय आणि वाद्यही पेलतोय. एकाच माणसाकडून हमाली पण आणि कारकुनी पण."

मग त्यानं प्लायवूडचा एक बाकदार तुकडा कापला, त्यावर जुन्या स्कूटरच्या सीटचा फोम लावला, वर रेक्झिन ताणलं आणि ते बासच्या पाठीला पोटाच्या उंचीवर स्क्रूनं बसवलं. मानेच्या मागे, जिथे लाकडी बासचा खांदा सुरू होतो तिथे, लाकडाचा एक उंचवटा चिकटवला, म्हणजे अंगठ्याला न बघता कळावं आपण कुठपर्यंत आलो. तिवईचा एक पाय मागे घेतला, तसा सगळा भार या पोटाच्या उशीवर आला.

"डोळे मिटा," मिस्त्री म्हणाला. "आता कोणाला तरी लांबून 'थांब' म्हणताय असा डावा हात उचला. ताणू नका, सहज." खांबानं हात उचलला. तो त्याच्या कपाळाच्या बाजूला येऊन थांबला. मिस्त्रीनं दांडा सैल करून बास खाली घेतला, आणखी खाली, आणि वरची पट्टी, जिच्या खाचांतून तारा येतात, ती त्या हाताच्या रेषेत आणली. "इथे खूण करू?"

"मी करतो," खांब म्हणाला. कानस त्यानं उजव्या हातात धरली. रेघ जरा वाकडी आली.

"जुनी घासून काढू?"

"राहू दे."

जुन्या तारा काढून मिस्त्रीनं मऊ तारा चढवल्या, वरच्या पट्टीतल्या खाचा थोड्या खोल घासल्या, आणि तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचे दोन स्क्रू फिरवत तारा खाली आणल्या. पहिल्यांदा फार आणल्या. जाडी तार छेडली तर ती पट्टीवर आपटून खरखरली. खांबानं लगेच मिस्त्रीकडे पाहिलं, झोपला ना आवाज, अशा नजरेनं. मिस्त्रीनं स्क्रू अर्धा फेरा उलट फिरवला. खरखर गेली. "आता दाबा."

खांबानं बोट ठेवलं. दाबायचं म्हणून जोर लावायच्या आतच तार पट्टीला लागली होती. त्यानं दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं, मग डावा हात पूर्ण काढला. बास जागचा हलला नाही. पोटाला टेकून उभा राहिला. त्याला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. त्याला रडू आलं, आणि मिस्त्रीसमोर नको म्हणून तो खिडकीशी जाऊन चष्मा पुसत उभा राहिला. मिस्त्री भुसा झाडत राहिला.

त्या संध्याकाळी तो दोन्ही भाग वाजवून उभा होता. कोणी काही म्हटलं नाही. ट्रे नेहमीसारखे वळसा घालून गेले. शेवटी पियानोचं झाकण लावता लावता बाई म्हणाली, "आज दुसरा भाग छान बसला. उद्या जरा लवकर या, नवीन गाणं घेऊ." बस. व्हॅनवालीचा विषय निघाला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "दुखलं?"

"नाही. रोजच्यासारखं नाही."

"मग तोंड का असं उतरलंय?"

"इतकी वर्षं फुकट दुखलं गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, वाजवायचं म्हटलं की दुखायचंच. त्यातच वाजवणं आहे. ते वाजवण्याचं नव्हतंच. मापाचं होतं." बायकोनं कोमट पाण्याचं पातेलं आणून त्याचा हात त्यात ठेवला, आणि ती शेजारी बसून राहिली. पाणी गार झालं तरी दोघं उठले नाहीत.

मग त्याला एकदम व्हॅनवालीची आठवण झाली. ती खूण तिच्याकडे गेलीय. त्या उंच तारा तिच्याकडे गेल्यात. तिचा अंगठा अजून तरुण आहे, पण पहाटेपासून स्टिअरिंग धरायचं आणि वर हे. आपण जे भोगलं ते आपणच तिच्या हातात दिलं, तेही शिस्त म्हणून. दोन-चार दिवसांपूर्वी तिचा हेवा वाटला होता, त्याची आता त्याला जास्तच शरम वाटली. रविवारपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी सकाळी खाली व्हॅन थांबल्याचा आवाज आला. मग नेहमीसारखं सूर लावणं. तार सैल होतेय, ताणतेय, परत सैल होतेय. तो खिडकीत उभा राहून ऐकत होता. किती वेळ लागतो हिला, त्याच्या मनात आलं. शेवटी ती बास सांभाळत जिना चढून आली, बायकोला "काकू" म्हणून हाक मारली आणि वाद्य उभं केलं.

"आज वाजवायचं नाही," खांब म्हणाला. "आधी ऐक. मी तुला चुकीचं शिकवलं. ती खूण मास्तरांची होती, त्यांच्या उंचीची. तारा एवढ्या उंच लागत नाहीत. माझा हात त्यानंच गेला. तुझा जाऊ नये. आपण मिस्त्रीकडे जाऊ आणि तुझ्या तारा खाली आणू."

व्हॅनवाली मान खाली घालून उभी राहिली. तिनं बायकोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सर, त्या खालीच असतात," ती म्हणाली. "पहिल्या दोन महिन्यांतच केल्या. मला गाडीचा गिअर टाकता येईना. तुमच्याकडे यायच्या आधी खाली व्हॅनमध्ये चढवते, आणि जाताना उतरवते."

खांब बघतच राहिला. घोडीच्या पायांत तारा वर-खाली करणारी पितळेची दोन बारीक चाकं होती. ती त्यानं कितीदा पाहिली होती आणि हल्लीच्या पोरांची हौस म्हणून सोडून दिली होती.

"म्हणजे ते सूर लावणं?"

"ते तेच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतकं मनापासून सांगायचात," ती म्हणाली. "आणि तुमचा हात दिसत होता. सांगितलं असतं तर त्याबद्दलही बोलावं लागलं असतं. काकूंना सांगितलं होतं मी."

आतून बायको म्हणाली, "मग चष्म्याची आठवण मला काय आपोआप झाली?"

तो खुर्चीवर बसला. हसावं की काय करावं ते त्याला कळेना. मास्तरांनी थकल्याचं लपवलं, हिनं सोय करून घेतल्याचं लपवलं, आणि मधल्यामध्ये तो एकटा खांब तेवढा ताठ उभा राहिला होता. "उतरव," तो म्हणाला. "बघू दे मला."

तिनं तारा सैल केल्या, चाकं फिरवली, परत सूर लावले. मग वाद्य आडवं करून सळई आत सरकवायला घेतली. खांबानं चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. मास्तरांच्या खुणेपासून चांगलं चार बोटं खाली, नखाला लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका होता. जुना, कडेनं टवका उडालेला. तिनं आपली खूण केव्हाच करून ठेवली होती.

त्यानं त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. अंगठा दुखलाच, तो काही आता बरा होणार नव्हता.

"वाजव," तो म्हणाला.

ती वाजवू लागली. आवाज थोडा मऊ झाला होता, पण जागा होता. तिचं मनगट सरळ होतं, खांदा खाली होता. असा हात त्यानं तिला कधी शिकवलाच नव्हता. गाणं संपल्यावर ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"पुढच्या रविवारी खाली गाडीत बसून राहू नकोस," तो म्हणाला. "सरळ वर ये."